एकास पाचशे

झुल्मिरा फ्रागोझू माणसं बनवते,
साडेतीन मिलिमीटर उंचीची.
चिमट्यात धरून गोंदाच्या थेंबावर उभी करते:
एक कुत्र्यासोबत, एक छत्रीखाली,
दोघं हातात हात घालून.
कामावर निघालेलं कुणीच नाही.
यादीत तसं नव्हतं.

आल्मादाच्या काठावर, लिस्बनच्या समोर,
बंद पडलेली गोदी.
तिथे आता चौदा मनोरे, हॉटेल, यॉटसाठी धक्का,
आणि काचेचं काहीतरी, ज्याला नकाशात
नुसतं ‘अनुभव’ म्हटलंय.
क्रेन तेवढी राहणार. वारसा म्हणून.
तिला रात्री जांभळे दिवे लावायचेत.

तिचा बाप आदेलीनू त्या क्रेनखाली वेल्डर होता.
घरी यायचा तेव्हा हातांवर
तिळाएवढे भाजल्याचे डाग;
लहानपणी ती ते मोजायची, आणि रोज चुकायची.
शेवटचे अकरा महिने पगार झाला नाही.
तरी तो भोंग्याच्या वेळेला उठायचा,
दाढी करायचा,
डबा घेऊन गच्चीत बसायचा.

पगार.
हा शब्द याच नदीतून जहाजात बसून आमच्याकडे आला.
चावीही इथलीच, घमेलंही,
आणि लिलाव.
मराठीत हे लिहिते आहे तेव्हा
चार शब्द माघारी सोडते आहे,
वापरून वापरून कडा झिजलेले.
गोदीचा लिलाव झाला त्या दिवशी
चावी कुणाकडे आहे, कुणालाच ठाऊक नव्हतं.
कुलूप कापावं लागलं.

जुन्या वस्तीची घरं मॉडेलच्या कडेला येतात.
ती करड्या पुठ्ठ्याची, नुसते ठोकळे.
त्यांना खिडक्या काढायच्या नाहीत, असा रिवाजच आहे;
नजर नव्याकडे जावी म्हणून.
झुल्मिराने स्वतःची गल्ली कापली,
तिसरा ठोकळा जरा जास्त वेळ बोटांत धरला,
मग चिकटवला.

पाणी सगळ्यात शेवटी.
राळ ओततात, दोन थर.
नमुना पाठवला तर उत्तर आलं: जरा निळं करा.
टेजो निळी नाही.
भरतीला शिशासारखी,
ओहोटीला चहा गाळून उरलेल्या चोथ्यासारखी.
हे पत्रात लिहिण्यासारखं नव्हतं.

बापाच्या अवजारपेटीच्या तळाशी गंज साठला होता,
चिमूटभर.
तिने तो पहिल्या थरात मिसळला.
वरून निळा ओतला, सांगितला होता तितकाच.
बुडबुडे मारायला पाण्यावरून ज्योत फिरवावी लागते,
चष्मा लावून, श्वास धरून.
तिचा हात एका रेषेत गेला.
कुठे शिकलीस, असं कुणी विचारलं नाही.

मॉडेल नगरपालिकेच्या दालनात ठेवलंय, काचेखाली.
शनिवारी लिओकादियू आला,
जहाजांच्या पोटात उतरून रंग मारणारा,
फुप्फुसं कामातून गेलेली,
चार पावलांवर एकदा थांबणारा.
कँटीन शोधलं. नाही.
गेट शोधलं, जिथे पत्ते खेळताना एकदा मारामारी झाली होती.
मग ठोकळ्यांमध्ये आपलं घर.
‘आंधळं केलंय की,’ म्हणाला.
गुडघ्यावर हात टेकून वाकला,
डोळा काचेच्या पातळीला आणला
आणि बराच वेळ तिरपा, पाण्यात बघत राहिला.

‘पाणी कुणी केलंय?’

रखवालदाराला माहीत नव्हतं.
म्हाताऱ्याने तिसऱ्या गोदीच्या तोंडाशी
काचेवर बोट ठेवलं.
‘इथे गाळ असायचा. आहे.’

तो गेल्यावर रखवालदाराने फडक्याने ठसा पुसला.
मग इकडेतिकडे बघून
स्वतः वाकला.